बिंदू क्रमांक सात

दर महिन्याच्या पाच तारखेला, सकाळी नऊ ते दहा,
आभाळ मोकळं असेल तर,
मी तिवई घेऊन सात ठिकाणी उभी राहते.
डोळ्याची उंची एक मीटर साठ. भिंग पन्नासचं.
खुंटीवर ओळंबा सोडायचा, उत्तरेपासून अंश मोजायचे
आणि तेच चित्र पुन्हा काढायचं
जे मागच्या महिन्यात काढलं होतं
आणि आता तिथे नाही.

पहिल्या महिन्यात चौकटीत होती
फुलावर आलेली तूर. धुऱ्यावर तीन हिवर.
मागे टेकडी, बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखी,
मध्ये एक खाच.
चौथ्या महिन्यात मुरमाची लाल रेघ.
नवव्यात ती टेकडीच्या कमरेला लागली.
अकराव्यात दोनच हिवर.
मी पुन्हा मोजले. दोनच.

परिणामाच्या रकान्यात चार शब्द छापलेले आहेत:
नगण्य, सौम्य, मध्यम, तीव्र.
एकाला गोल करायचा.
मी मध्यमला करते.
तीव्रला केला की फोन येतो.

तिसरा बिंदू आता भरावाच्या पोटात आहे.
खुंटी, खुंटीवरचा रंग,
माझ्या हातून तिथे सांडलेला चहा,
सगळं नऊ मीटर मातीखाली.
तिथून काय दिसतं, तेही दर महिन्याला भरावं लागतं.
'बिंदूच नाही' असा रकाना नाही,
म्हणून मी मागचाच गोल गिरवते.

सातवा बिंदू मोरीवर.
धुरपता वानखडेचं दार तिथून चाळीस पावलं.
एकोणीस महिने ती मला बघत होती,
विसाव्यात म्हणाली,
"इकडे ये वं पोट्टे.
त्या मोरीवरून कोन पायते? तिथं त कुत्रंबी बसत नाही.
माह्या दारातून काढ ना फोटो."

दारातून भराव दिसला. वर एक डंपर.
"त्या खाचीखाली माह्या पंचफुलाचं घर हाये.
सांजच्याले ते अंगनातला लट्टू लावे.
लट्टू लागला का मी जेवाले बसो."

"फोन नाही का?"

"हाये ना. फोनवर ते 'बरी हावो' म्हनते.
लट्टू काही म्हनत नाही.
लागते, नाही त नाही लागत."

मी तिला अहवालातलं चित्र दाखवलं,
पाच वर्षांनंतरचं, संगणकानं रंगवलेलं:
करंजाच्या हिरव्या रांगेनं भराव अख्खा झाकलेला.
(लावली चारशे. जगली एकोणपन्नास.)
तिनं ते डोळ्यांजवळ धरलं, दूर धरलं.
"झाडानं झाकला,
मंग लट्टू दिसन का?"

फॉर्ममध्ये रात्र नाही.

त्या दिवशी मी शेवटची बस सोडली.
अंधार पडायच्या आत आम्ही भरावावर चढलो,
ती हातापायांवर, मी तिवईवर रेलत.
वर पोचल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "एवढं जवळ हाये हे?"
आणि थोड्या वेळानं, जरा रागानंच,
"तिकडे तळं हाये. कोनी सांगतलं नाही."

खाचीखाली पिवळा ठिपका लागला.
ती खाली बसली, मुरमावरच,
पदरातली भाकर काढली, अर्धी मला दिली.

फोटोत नुसता काळोख आला.
एक कण आहे मधोमध,
तो लट्टू असेल किंवा भिंगावरची धूळ.
तरी मी शेऱ्यात लिहिलं:
दिवा लागला, सात वाजून बारा मिनिटं.

सोमवारी ऑफिसातून फोन.
"मॅडम, हा कोणता दिवा?
याला बिंदू क्रमांक नाही."

मी म्हटलं, द्या.